रिपोर्टमधली लाल अक्षरं आणि धाकट्या बहिणीचं लग्न

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या वाचक ३६ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिका आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याची नजर अचानक अंधुक झाली, पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि एमआरआयनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएसचं निदान झालं. (या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते.) इंजेक्शनं चालू आहेत, तरी गेल्या दोन वर्षांत आजार दोनदा उसळला. पुण्यात नोकरी करणाऱ्या दिरांनी काळजीपोटी लाळेवरून जनुकं तपासणारं एक किट मागवून दिलं. रिपोर्टमध्ये ‘रोगप्रतिकारक संदेशवहनाच्या जनुकांतील बदल’ या मथळ्याखाली आयएल७आर, आयएल२आरए आणि टीएनएफआरएसएफ१ए ही नावं लाल अक्षरांत आली. टीवायके२ समोर ‘संरक्षक प्रकार आढळला नाही’ असा शेरा आला आणि शेवटी ‘धोका सरासरीपेक्षा जास्त’. सासूबाई म्हणाल्या, “दोष तुमच्या घराण्यातलाच.” वाचकांच्या २७ वर्षांच्या बहिणीचं लग्न ठरत आलं आहे, स्वतःची लेक नऊ वर्षांची आहे आणि आईला संधिवात आहे. त्या विचारतात: बहिणीची तपासणी करून घ्यावी का? तो रिपोर्ट मुलाकडच्यांना दाखवावा का? लेकीची लाळ पाठवावी का? हा रिपोर्ट बघून डॉक्टर माझं औषध बदलतील का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: “हे गॅलरीत सिगारेट ओढत उभे राहतात, काही बोलत नाहीत. मला मात्र वाटतं, मीच लेकीच्या अंगात हे घातलं.”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना प्रश्नांवर नजर गेली. दुसऱ्यांदा एका शब्दावर अडकले. ‘दोष’ हा शब्द तुमच्या पत्रात सात वेळा आला आहे. एकदा तो सासूबाईंच्या तोंडी आहे, उरलेल्या सहा वेळा तुमच्याच. म्हणून आधी त्या शब्दाचंच बघू, कारण तो बाजूला झाला की तुमच्या चारपैकी तीन प्रश्नांचा रंगच बदलतो.

रिपोर्टमधलं पहिलं नाव घ्या, आयएल७आर. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात: जागी राहा, वाढ, थांब, आता मर. हे निरोप म्हणजे छोटी प्रथिनं आणि ते ऐकण्यासाठी पेशीच्या अंगावर कान असतात. इंटरल्युकिन-७ नावाचा निरोप प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना जिवंत ठेवतो आणि तो ऐकणारा कान बनवण्याची कृती आयएल७आर या जनुकात लिहिलेली आहे. या जनुकात एका ठिकाणी एक अक्षर दोन प्रकारांनी आढळतं. एका प्रकारात हा कान पेशीच्या अंगावर पक्का बसवणारा भाग तयार होताना जास्त वेळा गळतो. मग काही कान पेशीवर न बसता सुटे होऊन रक्तात फिरतात. निरोपाचं वेळापत्रक त्यामुळे थोडंसं बदलतं. एमएसशी संबंध सापडला तो या प्रकाराचा. २००७ साली एकाच वेळी अनेक गटांनी तो दाखवून दिला. एचएलए (प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणारा जनुकांचा गट) सोडून दुसऱ्या जनुकांचा एमएसशी असा भक्कम संबंध दिसण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता जी गोष्ट त्या रिपोर्टने तुम्हाला सांगायला हवी होती आणि सांगितली नाही, ती ऐका. ‘धोक्याचा’ म्हणून लाल रंगात छापलेला हा प्रकार दुर्मीळ नाही. तोच जास्त आढळणारा प्रकार आहे. आपल्या प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. युरोपीय लोकांत दर चार प्रतींपैकी जवळजवळ तीन याच प्रकारच्या निघतात. एमएस झालेल्यांमध्ये हे प्रमाण न झालेल्यांपेक्षा जेमतेम काही टक्क्यांनी जास्त आहे, एवढाच काय तो फरक. आपल्याकडेही बहुसंख्य लोकांत हाच प्रकार असतो. म्हणजे किमान एक ‘लाल’ प्रत शंभरातल्या नव्वदहून अधिक माणसांकडे असते. तुमच्या यजमानांकडे ती असण्याची शक्यता फार मोठी आहे, दिरांकडेही, आणि ज्यांनी घराण्याचा उल्लेख केला त्या सासूबाईंकडेही. हे मी त्यांना ऐकवायला म्हणून लिहीत नाही. तुमच्या लेकीत ही प्रत कोणाकडून आली याचा छडा लावणं निरर्थक आहे, इतकंच सांगते आहे. जवळजवळ सगळ्या गावाकडे असलेल्या गोष्टीला दोष म्हणायचं नसतं. डोळ्यांचा रंग जसा, तसा तो एक प्रकार आहे.

मग ‘सरासरीपेक्षा जास्त धोका’ म्हणजे नेमका किती? या एका प्रकारामुळे धोका साधारण एकपूर्णांक दोन पटीने वाढतो. समजा एखाद्या प्रदेशात लाखात दहा जणांना एमएस आहे. मग हा प्रकार असलेल्या गटात लाखात बारा धरा. भारतात एमएसचं प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने कमीच आहे. मंगळुरातल्या एका पाहणीत ते लाखात आठच्या थोडं वर निघालं होतं. मुंबईच्या पारशी समाजात मात्र १९८० च्या दशकातच ते लाखात वीसहून अधिक असल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. ही तफावत जनुकांमुळे किती, राहणीमुळे किती, यावर तेव्हापासून विचार चालू आहे.

एक गोष्ट अजून. ही सगळी आकडेमोड मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावरून झाली आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या सर्वांत मोठ्या अभ्यासात ४७ हजारांहून अधिक रुग्ण आणि ६८ हजारांहून अधिक निरोगी माणसं होती. त्यातून एमएसशी संबंध असलेल्या जनुकांमधल्या २३३ जागा सापडल्या. त्यातल्या बहुतेक प्रतिकारशक्तीच्या कामाशी जोडलेल्या आहेत. तुमच्या रिपोर्टने त्यातल्या चारच पाहिल्या. दोनशेहून जास्त जागा, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर, आणि सगळ्या मिळूनही आनुवंशिक भागाचा अर्धाच हिशेब लागतो. भारतीय रुग्णांवर झालेले अभ्यास छोटे आहेत. त्यांत काही संबंध जुळले, काही नीट जुळले नाहीत. सांगलीच्या बाईसाठी त्या कंपनीने लावलेलं ‘सरासरीपेक्षा जास्त’ हे लेबल कोणाच्या सरासरीवर बेतलेलं आहे, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

या सगळ्यांत खरं वजन असलेलं नाव तुमच्या लाल यादीत नाही. एचएलए-डीआरबी१*१५:०१ या प्रकाराने धोका साधारण तिपटीने वाढतो. या भागाचा एमएसशी संबंध १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. पण तो प्रकार असलेल्या माणसांपैकीही बहुतेकांना आयुष्यभर एमएस होत नाही.

टीवायके२ समोरच्या ‘संरक्षक प्रकार आढळला नाही’ या शेऱ्याचं तुम्हाला फार वाईट वाटलेलं दिसतं. “चांगलं तेवढं मला मिळालं नाही,” असं तुम्ही लिहिलंत. इथे जरा थांबते, कारण हे जनुक मला फार शिकवून गेलं आहे. या जनुकाच्या एका दुर्मीळ प्रकाराच्या दोन्ही प्रती असतील तर पेशीच्या आत काही निरोप मंदावतात आणि एमएससारख्या आजारांपासून चांगलंच संरक्षण मिळतं. युरोपात साधारण सहाशे माणसांत एकाकडे अशा दोन प्रती असतात. पण २०१८ मध्ये दुसरीच बाजू पुढे आली: त्याच दोन प्रती असलेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका वाढतो. जुन्या हाडांतल्या डीएनएवरून असंही दिसतं की गेल्या दोन हजार वर्षांत युरोपात हा प्रकार मोठ्या प्रमाणात घटत गेला, बहुधा क्षयानेच त्याला मागे रेटलं. आपल्याकडे अजून घरोघरी टीबीची माहिती आहे. सांगली-कोल्हापुराकडच्या किती घरांत आजी-आजोबांच्या पिढीतलं कोणी ना कोणी मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये राहून आलेलं असतं. अशा ठिकाणी तो ‘संरक्षक’ प्रकार नाही म्हणून हळहळावं का? एमएसचा धोका वाढवणारा तो एचएलए प्रकारही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातल्या पशुपालक लोकांत वाढला, असं २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं. गुराढोरांबरोबर राहताना होणाऱ्या रोगांपासून त्याने तेव्हा बचाव केला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. जी प्रतिकारशक्ती आज तुमच्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते आहे, तिने तुमच्या कितीतरी पिढ्यांना रोगराईतून तारलं असेल. ‘घराण्यातला दोष’ या दोन शब्दांत हे सगळं मावत नाही हो.

आता तुमच्या बहिणीकडे येते.

तिची तपासणी करून घ्यावी का, या प्रश्नामागे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: जबाबदार माणसाने जाणून घ्यायलाच हवं. मी याला सरसकट नाही म्हणणार नाही. पण आधी असं विचारा, उत्तर आलं तर ती वेगळं काय करणार आहे? रिपोर्ट ‘जास्त’ आला तर एमएस टाळायची गोळी नाही. ‘कमी’ आला तर निश्चिंत व्हावं असं काही नाही, कारण तिचा थोडासा वाढीव धोका ठरतो तो तुमची बहीण असण्यामुळे, त्या चार ओळींमुळे नव्हे. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत सख्ख्या भावंडाला शंभरात दोन ते चार असा धोका दिसतो आणि मुलांना शंभरात दोनच्या आसपास. आपल्याकडे मुळात आजारच कमी असल्याने तो याहून खालीच असण्याची शक्यता आहे. सगळ्यांत बोलका आकडा एकबीज जुळ्यांचा आहे. दोघांची जनुकं तंतोतंत सारखी. एकाला एमएस असेल तर दुसऱ्यालाही तो होतो, असं साधारण चार जोड्यांपैकी एकीतच घडतं. चारपैकी तिघांना सगळी ‘लाल अक्षरं’ जशीच्या तशी असूनही होत नाही. परिपूर्ण जनुकीय रिपोर्ट हातात असता तरी इतकंच सांगता आलं असतं. एमएसचं निदान करायला किंवा कोणाला होईल हे सांगायला डॉक्टर ही तपासणी वापरत नाहीत, ते याचसाठी.

शिवाय हा निर्णय तिचा आहे. पत्रात तुम्ही, आई, दीर, सासूबाई सगळे बोलता, तिचं मात्र एकही वाक्य नाही. तिला बसवून विचारलंत का? ती २७ वर्षांची आहे. तिला जाणून घ्यायचं असेल तर घेऊ द्या, पण आधी एखाद्या जनुकीय समुपदेशकाशी बोलून. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत असे समुपदेशक असतात, बरेच जण व्हिडिओवरही बोलतात. नको म्हणाली तर तिच्या नकाराला बेजबाबदारपणा समजू नका.

मुलाकडच्यांचं काय? इथे तुम्ही ‘रिपोर्ट दाखवणं’ आणि ‘खरं सांगणं’ या दोन गोष्टी एक करून टाकल्या आहेत. तुम्हाला एमएस आहे, हे लपवू नका. लपवलं तर सणावाराला तुमची काठी दिसेल तेव्हा तिला उत्तरं द्यावी लागतील. पण सांगायचं ते बहिणीने, होणाऱ्या नवऱ्याला, तिच्या शब्दांत. बैठकीत पाच-पंचवीस जणांसमोर नव्हे. साधं सांगता येतं: “माझ्या ताईला एमएस आहे. तो संसर्गाने पसरत नाही. बहिणीला होण्याची शक्यता थोडी असते, पण शंभरात नव्वदहून जास्त वेळा होत नाही. काही विचारायचं असेल तर ताईच्या डॉक्टरांना एकत्र भेटू.” एवढं ऐकून जो मुलगा प्रश्न विचारेल तो चांगला. जो उठून जाईल, त्याच्याबद्दल आत्ता कळलं तेही बरंच झालं.

तुमचा जनुकीय रिपोर्ट मात्र कोणाला दाखवू नका. तो फक्त तुमचा नाही. त्यातला निम्मा मजकूर आईचा, निम्मा वडिलांचा आहे आणि बहिणीबद्दलही त्यात पुष्कळ काही आहे. दिरांनी तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्याचं तुम्ही लिहिलंत. त्यांना गोडीत सांगून काढायला लावा. त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण जनुकीय माहितीवरून कोणाला डावलू नये असा कायदा अमेरिकेत २००८ पासून आहे, आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अजून नाही. एकदा फिरायला लागलेला कागद परत मागवता येत नाही.

लेकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिची लाळ पाठवू नका. मोठेपणी होऊ शकणाऱ्या आणि लहानपणी काही उपाय नसलेल्या आजारांसाठी लहान मुलांची जनुकीय तपासणी करू नये, असं जगभरचे वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञ मानतात. तो निर्णय तिने मोठं होऊन घ्यायचा आहे. नऊ वर्षांच्या मुलीच्या नावापुढे लाल अक्षरं आली की तिच्या प्रत्येक चक्करेत, पाय आखडण्यात, वर्गातला फळा अंधुक दिसण्यात तुम्ही एमएस शोधत बसाल. तिलाही ते कळेल. मुलांना सगळं कळतं.

आणि तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ. गॅलरीतल्या सिगारेटची. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण मला वाटतं तुमच्या घरात खरंच बदलता येईल असं काही असेल तर ते तिथे आहे. एमएस होण्याच्या शक्यतेशी धूम्रपानाचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे, दुसऱ्याच्या धुराचाही. धोक्याचा एचएलए प्रकार असलेल्यांमध्ये धूर तो धोका आणखी बराच वाढवतो, असं स्वीडनमधल्या अभ्यासांत आढळलं. एमएस झाल्यावरही जे ओढत राहतात त्यांचा आजार पुढच्या टप्प्यात लवकर जातो. कुमारवयातलं जास्तीचं वजन आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही संबंध दिसतो. म्हणजे लेकीसाठी तुम्ही काय करू शकता, तर घरात धूर नको, तिला मैदानावर खेळू द्या, वजनाकडे हळुवार लक्ष ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला लाळेची बाटली लागत नाही. यजमानांशी बोला. तुम्ही त्यांच्या न बोलण्याचा अर्थ ‘यांना पडलेलं नाही’ असा लावता. मला तो माणूस घाबरलेला वाटतो. “तुम्ही लेकीसाठी काय करू शकता ते मी सांगू का?” असं म्हणून बघा. हातात काही करण्यासारखं आलं की गप्प पुरुषही बोलू लागतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

“मीच तिच्या अंगात घातलं” या वाक्याचं उत्तर वर आलंच आहे, तरी अजून एक सांगते. २०२२ साली एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास जाहीर झाला. एपस्टीन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो, असं त्यात दिसलं. आयएल७आरच्या एकपूर्णांक दोन पटीसमोर हा आकडा ठेवून पाहा. पण हाही विषाणू मोठ्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, बहुतेकांना कळतही नाही. बऱ्याच गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी जुळून आल्या, म्हणून तुम्हाला एमएस झाला. त्या जुळणीत तुम्ही निवडलेली गोष्ट एकही नव्हती.

चौथा प्रश्न औषधाचा. या रिपोर्टवरून तुमचं औषध ठरणार नाही. आणि ‘धोका जास्त’ म्हणजे ‘आजार जोराचा’ असंही नाही. एमएस होण्याचा धोका वाढवणाऱ्या त्या शेकडो जागांवरून आजार पुढे किती तीव्र होईल हे कळत नाही. तीव्रतेशी जोडलेली एक जागा २०२३ मध्ये बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात सापडली, ती प्रतिकारशक्तीपेक्षा मेंदू आणि मज्जारज्जूच्या पेशींशी संबंधित जनुकांजवळ आहे. ती तुमच्या रिपोर्टमध्ये नाही आणि उपचारातही वापरली जात नाही. व्हीलचेअरचं जे चित्र तुम्ही त्या लाल अक्षरांवरून रंगवलंत, त्याला त्या कागदाचा काडीचा आधार नाही.

पण दोन वर्षांत दोनदा आजार उसळला, ही बाब गंभीर आहे आणि ती रिपोर्टच्या गोंधळात मागे पडली याची मला जास्त काळजी वाटते. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना तीन गोष्टी विचारा. पहिली, अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडींच्या रक्ततपासण्या झाल्या आहेत का? एमएससारखेच दिसणारे पण वेगळे असे दोन आजार त्यांवरून ओळखू येतात. आपल्याकडे ते कमी नाहीत, आणि एमएसची काही औषधं त्यातल्या अॅक्वापोरिनच्या आजारात उलट अपाय करतात. दुसरी, नवा एमआरआय आणि त्यावरून जास्त प्रभावी औषधाकडे जाण्याची वेळ आली आहे का? इंटरफेरॉनची इंजेक्शनं १९९३ पासून आहेत, पण त्यानंतर बरंच पुढे आलं आहे. खर्चाचं मोकळेपणाने बोला. आपल्याकडे अनेक डॉक्टर रिटुक्सिमॅब हे तुलनेने स्वस्त औषध वापरतात ते त्याच कारणाने. तिसरी, असं औषध सुरू करण्याआधी टीबी आणि हेपॅटायटिस बी यांची तपासणी झाली का, राहिलेल्या लसी कोणत्या? पुन्हा मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा, काही गोळ्या गरोदरपणाच्या खूप आधी थांबवाव्या लागतात. जनुक बघून ठरणारं एक औषध आहेच, सिपोनिमॉड, पण त्यासाठी यकृतातलं एक वेगळंच जनुक पाहतात आणि ती तपासणी तुमचे डॉक्टर गरज पडली तर सांगतील.

तुमच्यासारखेच इतर वाचक हे वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठीही: मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते, मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा चालण्या-दिसण्यावर परिणाम झाला असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला संकोच नको. शिक्षकांना बदल्यांच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

शेवटची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तुमच्या रिपोर्टमधल्या एका ओळीतून खरंच काही कामाचं निघतं, ते इथे. टीएनएफआरएसएफ१ए. हे जनुक टीएनएफ नावाच्या निरोपाचा कान बनवतं. १९९० च्या दशकात डॉक्टरांना वाटलं, टीएनएफ सूज वाढवतो, मग तो अडवला तर एमएस आटोक्यात येईल. लेनरसेप्ट नावाचं औषध १६८ रुग्णांवर वापरून पाहिलं. उलटंच झालं, ज्यांना औषध मिळालं त्यांचा आजार जास्त वेळा उसळला. प्रयोग थांबवावा लागला. असं का झालं, हे कोडं बरीच वर्षं राहिलं. २०१२ मध्ये या जनुकाचा धोक्याचा प्रकार नेमकं काय करतो ते उलगडलं: त्यानेही एक सुटा कान तयार होतो आणि तो टीएनएफचा निरोप वाटेतच पकडतो. फसलेलं औषध जे करत होतं तेच हे जनुक चिमूटभर प्रमाणात आयुष्यभर करत असतं. एकेका माणसाचं भविष्य सांगायला निरुपयोगी असलेल्या या बारीक फरकांसाठी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं का झिजतात, ते मला ही गोष्ट वाचल्यावर समजलं.

आता याचा तुमच्याशी संबंध. टीएनएफ अडवणारी औषधं संधिवात, सोरायसिस, मणक्याचा आखडणारा वात यांत सर्रास दिली जातात आणि त्या रुग्णांना त्यांचा मोठा फायदाही होतो. अॅडॅलिम्युमॅब, इटॅनरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब ही त्यांची नावं. एमएस असलेल्यांनी ती घेऊ नयेत, हे डॉक्टरांना ठाऊक असतं, पण सांध्यांसाठी किंवा त्वचेसाठी तुम्ही वेगळ्या डॉक्टरांकडे गेलात तर आपल्याला एमएस आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि ज्यांच्या सख्ख्या नात्यात एमएस आहे, त्यांना ही औषधं देतानाही डॉक्टर जपून राहतात, शक्यतो दुसरा पर्याय आधी बघतात. तुमच्या आईला संधिवात आहे. “गोळ्या लागू पडत नाहीत, आता महागडं इंजेक्शन सुरू करू म्हणतात,” असं तुम्ही पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. ते इंजेक्शन कोणतं, ते मला माहीत नाही. आईने चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पण आपल्या मुलीला एमएस आहे, हे तिने संधिवाताच्या डॉक्टरांना सांगितलं आहे का? सांगितलं नसेल, तर बाकी सगळं सावकाश करा, हा एक फोन मात्र उद्याच करा.